परत मागितलेला नकार

सेव-उसळीच्या गाडीपुढचं बाक भरलेलं होतं. मोहना बशी घेऊन उभी राहिली, तशी एकाने सरकून तिला जागा दिली.

"बसा ना! पण तर्री जपून हं... माझ्या कानांतून धूर निघतोय."

अगंबाई, मराठी! बडोद्यात, अकोट्याच्या चौकात, डोळ्यांत पाणी आणि हातात वाटी, आणि वर पुन्हा तर्री मागणारा! मोहनाला खुदकन हसू आलं. छान होता की हो दिसायला.

"पुण्याचे?"

"हो. इथे जवळच, बाजव्याच्या प्लांटमध्ये नोकरी चालून आलीये. संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय."

"मग अडलंय कुठे?"

"एका माणसाच्या उत्तरावर." त्याने तिच्याकडे पाहिलं आणि नजर पटकन बशीत वळवली. "मी वरद. वरद पारखी."

मोहनाच्या हातातला पाव हातातच राहिला. मेले! आईने महिनाभर ज्याचं टुमणं लावलं होतं ते स्थळ हेच. फोटोसुद्धा न बघता तिने सकाळी ऑफिसातून मेल ठोकला होता : बडोदं सोडून मी पुण्याला येणार नाही, क्षमस्व. तो वाचला की हा नोकरीला नाही म्हणणार आणि रात्रीची गाडी पकडून चालता होणार!

"आलेच हं!"

ती स्कूटरकडे धावली. सीटवर लॅपटॉप उघडून तिने मेल परत घ्यायचं बटण दाबलं. काहीच होईना. पुन्हा दाबलं. मग पुन्हा. इकडे बाकावर वरदचा फोन टिंग... टिंग... टिंग!

"अहो," तो तिथूनच ओरडला, "कुणी मोहना सबनीस मेल परत मागतायत. मी तर उघडलाही नव्हता. आता उघडावाच लागणार!"

"नका ना उघडू!"

"का? तुमचाच आहे म्हणून?" तो गालात हसला. "बाकाशी आलात तेव्हाच ओळखलं. मी फोटो पाहिला होता, मोहना. तुम्ही नाही वाटतं?"

आणि त्याने मेल उघडलाच. वाचता वाचता त्याचं हसू मावळलं. हा माणूस तिला हवा होता, आत्ता, इथेच.

"नकार आहे," तो हळूच म्हणाला.

लॅपटॉप फाडकन मिटून ती तरातरा त्याच्यापुढे आली.

"न बघता दिलेला आहे तो! आता बघून सांगते, तोंडावर सांगते... मला तुम्ही आवडलात. बाजव्याला हो म्हणून टाका!"

सगळं बाक खायचं थांबलं. गाडीवाले नारायणभाई झारा उंचावून गुजरातीत तिचीच री ओढत म्हणाले, "हा पाडी दो ने, भाई!"

वरदने फोनवर काहीतरी लिहिलं, पाठवलं आणि स्क्रीन तिच्यापुढे धरली. नोकरी मान्य आहे.

"आणि मला मेल परत घेता येत नाही हं," तो म्हणाला.

"घेऊन तर बघा!" मोहना त्याला अगदी खेटून बसली. "नारायणभाई, यांना अजून थोडी तर्री. आता इथलेच आहेत ते."