लाल रेघ उजवीकडे

सकाळी सात वाजता देवगड-मालवणच्या घरांत हल्ली चहाबरोबर लाखो वर्षांपूर्वीचा समुद्र लागायचा. तो लावायची कुमुद आठल्ये, विजयदुर्गच्या एका पत्र्याच्या शेडमधून. आंग्रियाच्या बुडालेल्या प्रवाळ-पठारातून वेधून काढलेली चुनखडीची नळी ती ‘थरवाचका’त सरकवी. यंत्राचा किरण खालून वर, जुन्याकडून नव्याकडे, एकेक थर चाटत जाई. तेव्हाचं पाणी किती तापलं, किती आंबलं, प्रवाळ जगलं की मेलं, हे यंत्रच रेडिओवर बोलून दाखवी.

गेली दोन वर्षं रोज थोडी थोडी वाचली जाणाऱ्या सातव्या नळीने किनाऱ्याला वेड लावलं होतं. खाली नुसता पांढरा, मेलेला चिखल. मग हळूहळू प्रवाळ परत आलेलं. आजचं आंग्रियाही पांढरं पडलेलं. तेही असंच सावरेल, या आशेवर मच्छीमारांनी तिथे जाळी टाकणं आपणहून थांबवलं होतं.

श्रीरंग, तिचा नवरा, गेल्यापासून शेडमध्ये कुमुदला यंत्राचीच काय ती सोबत. तेही हवापाण्यापलीकडे बोलत नसे. पण तसं तर श्रीरंगही.

आज तिच्या लगेच वरची, आठवी नळी लावायची होती. लावण्याआधी, फुटलेल्या बशीचे तुकडे जुळवावेत तशी दोन नळ्यांची तुटकी टोकं जुळवून पाहायची तिची सवय. जुळेनात. सातवीच्या वरच्या टोकाला जिवंत प्रवाळ, आठवीच्या तळाशी पांढरा चिखल.

तिने भिंग काढलं. सातवीत एक शिंपला होता, पोटात अर्धा गाळ, अर्धा स्फटिक. गाळ तळाशी बसतो, वाटीतल्या वरणासारखा. इथे तो छताला चिकटला होता.

तिने सातवी नळी उलटी केली. टोकं अशी बसली की सांधा नखालाही लागेना.

नळी वर निघाली की वर-खाल कळावं म्हणून तिच्यावर दोन रेघा ओढतात, वरचं टोक वर धरून लाल उजवीकडे, काळी डावीकडे. रेघा ओढायचा श्रीरंग, आणि तो डावखुरा. उजवं म्हटलं की आधी जेवायचा हात आठवायचा, आणि तो त्याचा डावा. एरवी कुमुद तपासायची. सातवी निघाली त्या दिवशी बोट हेलकावत होती आणि ती लिंबू हुंगत आडवी होती.

“एक रेघ रे,” ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली.

म्हणजे समुद्र सावरला नव्हता. हळूहळू मेला होता.

फोन वाजला. मालवणची येसू कुबल. कधी भेट नाही, पण रोजचा फोन चुकत नसे.

“काय गो बाय, आज रेडिओ गप कसो? दर्याक बरां वाटता मा?”

नळी पुन्हा फिरवून ठेवली असती तर कुणाला कळणार होतं?

“येसूबाय, नळी उलटी होती. तो समुद्र वाचला नाही गं. मेला.”



“दोन वर्सां आमी थंय जाळां टाकूक नाय,” येसू म्हणाली. मग, “मगे? फुडे काय झालां?”

“ठाऊक नाही. ते पुढच्या नळीत.”

“मगे लाव मा! मी हयच बसलंय. फोन ठेवू नको.”

कुमुदने फोन यंत्राजवळ ठेवला. आठवीची लाल रेघ उजवीकडे, दोनदा पाहिली. गाळ तिच्यातल्या एका शिंपल्याच्या तळाशी, तोही पाहिला, आणि नळी आत सरकवली. किरण पांढऱ्या चिखलावर टेकला आणि वर सरकू लागला.

“प्रवाळ नाही,” यंत्र म्हणालं. “प्रवाळ नाही. प्रवाळ नाही.”

“आसा काय गो थंय कोण जिवंत?” येसूने हळूच विचारलं.