लख्ख पानं

"हे स्टूल आहे की शिक्षा! कंबर मोडली मेली," डॉ. विभावरी सामंत भिंगामागून पुटपुटल्या.

काजरेघळच्या कीटकप्रयोगशाळेत कुणी हसलं नाही. शेजारचा डोंगर खाणीला द्यायचा की राखायचा, ते विभावरीबाईंच्या तपासणीवर ठरणार होतं. डोंगरावर नव्यानं सापडलेलं स्किपर फुलपाखरू जगात दुसरीकडे नसेल, तरच डोंगर वाचणार होता. आणि पायथ्याच्या गावाचा झराही. त्याच गावचा संशोधक रोहिदास टेबलापाशी उभा होता. प्रयोगशाळेच्या प्रमुख, सुनेत्रा परब, खिडकीशी.

"जनुकपट्टी पाहिलीत ना?" सुनेत्राबाईंनी विचारलं. "जातीची ओळख तीच सांगते. ती कशाशीच जुळत नाही."

"नाही जुळत. खोट तिथं नाहीये." विभावरीबाईंनी डोंगरावरून आणलेल्या रानहळदीच्या पानाची गुंडाळी उलगडली. आत हिरवट सुरवंट होता. "स्किपरचा सुरवंट पानाच्या घरात राहतो, पण लेंडी हातभर लांब उडवतो. का रे, रोहिदास?"

"वासावर गांधीलमाशी येते, बाई. घर सापडलं की खेळ खलास."

"आणि हे महाराज बघ. घरातच उरकतायत. जावईच जणू!"

रोहिदासला हसू आलं आणि लगेच विरलं.

"जनुकलेखणीनं किड्याची एखादी सवय खोडता येते," विभावरीबाई म्हणाल्या. "तुम्ही इथं हीच खोडली होतीत ना?"

"पिंजऱ्याच्या काचा बरबटायच्या," सुनेत्राबाई म्हणाल्या. "म्हणून आमचे सुरवंट तसे. पण ते रानात चार दिवस टिकणार नाहीत. डोंगरावर तर शेकड्यानं आहेत."

"तेच मला झोपू देईना. सकाळी वर जाऊन आले. लेंडी पानात नाही, पानाखाली नाही, लांबही उडालेली नाही. देवघर पुसावं तशी पानं लख्ख! कुणीतरी इथल्याच सुरवंटांची जनुकपट्टी बदलली, सवय परत लिहायची विसरलं, आणि आता रोज जाऊन झाडतंय." त्यांनी चष्म्यावरून रोहिदासकडे पाहिलं. "गाव तुझं. झरा तुझा."

रोहिदासनं एकदा खिडकीकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"त्याला कशाला धारेवर धरता?" सुनेत्राबाईंचा आवाज अगदी साधा होता. "ही रानातली जात नाही, विभावरी. मी घडवली, मीच सोडली. आणि रोज उजाडता कुंचला घेऊन मीच वर जाते."