टाकीमागचा डबा

लाइट गेली होती. उकाड्यानं घरात बसवेना, म्हणून पोरं जिन्यात येऊन बसली आणि काकांच्या मागे लागली.

"भुतं बघायला मी कुठे गेलो नाही," काका म्हणाले. "पण हे माझ्या साडूच्या बाबतीत घडलं. आणि तो माणूस असा, की साधी थाप मारायची तरी त्याला घाम फुटतो."

साडू रेडिओ दुरुस्त करणारा. गेल्या जानेवारीतल्या शेवटच्या शनिवारी, दिवेलागणीला, त्याला एका वायरमनचा फोन आला. वायरमनचे वडील थंडीच्या सुरुवातीला वारले होते. म्हातारा हौशी रेडिओवाला. मोर्सच्या चावीवर टकटक करत देशोदेशीच्या दोस्तांशी गप्पा मारायचा. तिकडून आलेले सूर एक पेटी ओळखायची आणि टेलिप्रिंटर ते खडाखडा कागदावर छापायचा. तो सगळा संच सकाळी एकजण घेऊन जाणार होता, पण त्यातून खरखरीशिवाय काही निघत नव्हतं.

"तेवढं चालू करून द्या, दादा," वायरमन म्हणाला.

साडू हत्यारांची पिशवी घेऊन गेला. आधी त्यानं पेटीला स्वतःच तयार केलेला सूर दिला. टेलिप्रिंटरनं तो बिनचूक छापला. चावी साफ होती. रेडिओ उत्तम. ताकद एरिअलकडे नीट जाते की परत येते, ते दाखवणाऱ्या मीटरचा काटाही अगदी जागेवर.

"मग बिघडलं होतं काय?" एका पोरीनं विचारलं.

"काहीच नाही. तेच तर साडूला खटकलं. खरी एरिअल इतक्या शहाण्यासारखी वागत नाही गं. स्टेशन बदललं, वारा सुटला, की काटा जरा तरी हलतो. हा मात्र फोटोतल्या नवरदेवासारखा ताठ!"

पोरं हसली. काका हसले नाहीत.

साडूनं संच बंद केला, प्लग काढला आणि म्हणाला, "चल, गच्चीत जाऊ."

"गच्चीत काही नाही हो. वायर ठणठणीत आहे. मीच टाकलीय."

"तू टाकलीस, मग दाखव की."

बॅटरीच्या उजेडात साडू वायरच्या मागे मागे गेला. वायर एरिअलच्या खांबाकडे गेलीच नव्हती. पाण्याच्या टाकीमागे वळून ती एका पत्र्याच्या डब्यात शिरली होती. तसला डबा साडूकडेही होता. आत तेल असतं. रेडिओची सगळी ताकद त्यात जिरते, डबा तापतो आणि बाहेर एक अक्षर जात नाही, बाहेरून येतही नाही. दुरुस्तीच्या वेळी तेवढा लावायचा आणि काढून टाकायचा. हा डबा गंजून गच्चीला चिकटला होता.

"कधीपासून आहे हा?"

"दीड वर्ष झालं असेल."

"अरे, बापाच्या रेडिओला?"

"दिवसभर खांबांवर चढून यायचो मी. आणि रात्रभर ती खडखड. किती सांगितलं, ऐकतील तर शपथ. नुसती वायर कापली असती तर काट्यानं लगेच चुगली केली असती. म्हणून..."

"त्यांना काय सांगितलंस?"

"सगळं ठीक आहे म्हणालो. ठीकच दिसत होतं ना. ते मात्र परत परत संच खोलून बसायचे. शेवटी शेवटी म्हणायला लागले, दोस्त विसरले मला."

डबा सोडवायला साडू खाली वाकला, आणि त्यानं झटकन हात मागे घेतला.

डबा गरम होता.

खाली प्लग काढलेला. त्यानं स्वतः काढलेला. तरी आत तेल चुरचुरत होतं. थांबून... पुन्हा. थांबून... पुन्हा.

मग खालच्या खोलीतून आवाज आला.

खड. खडखड.

दोघं खाली आले. प्लग तसाच जमिनीवर पडला होता. कागद मात्र पुढे सरकत होता. त्यावर इंग्रजी अक्षरं, पण भाषा घरातली.

फॉल्ट सापडला का

ओळ संपली. पुन्हा तीच ओळ. घाई नाही, राग नाही.

"सांग त्यांना," साडू पुटपुटला. "आता तरी सांग."

वायरमनचे ओठ हलले.

खडखड.

बाळा फॉल्ट सापडला का

"नाही..." वायरमन म्हणाला. "फॉल्ट नाहीच, बाबा. सगळं ठीक आहे."

टेलिप्रिंटर थांबला.

कागद थरथरत राहिला... मग तोही थांबला.

जिन्यात कुणी हललं नाही.

"पुढे?" कुणीतरी हळूच विचारलं.

"पुढे काय, सकाळी संच गेला. पण तेव्हापासून वायरमननं कुणालाही फोन लावला, की पलीकडे नुसती खरखर ऐकू जाते. त्याला त्यांचं सगळं ऐकू येतं, त्यांना त्याचं काही नाही. फोन बदलला, नंबर बदलला. साडूनं खोलून पाहिला, फोन चांगला आहे. परवा त्यानं परगावी शिकणाऱ्या लेकीला साडूसमोरच फोन लावला. घसा फुटेस्तोवर हाका मारत होता. शेवटी साडूनं फोन ओढून घेतला. वायरमन शेजारी उभा राहून ओरडतच होता, आणि पोरगी साडूला म्हणाली, 'काका, बाबांना विचारा ना. रोज फोन करतात आणि एक शब्द बोलत नाहीत. माझं काय चुकलं?'"