‘उधाण’चं टेबल

अख्खं भाषण मी चुकीच्या माणसाला दिलं.

गिरगावात स्टॅनली प्रिंटर्सच्या काउंटरमागे तो बसला होता, म्हणून मी धरून चालले की स्टॅनली हाच. चौकड्यांचा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि डोळे… पण डोळ्यांपर्यंत मी नंतर पोचले. आधी भाषण.

"नमस्कार, मी प्राची. कफ परेडच्या मच्छीमार नगरातून आलेय. आमचं ‘उधाण’ नावाचं ॲप आहे, होड्यांना भरती-ओहोटी आणि वाऱ्याचा अंदाज सांगणारं. फुकट आहे आणि खुलंही. म्हणजे त्याचा कोड कोणीही बघावा, कोणीही सुधारावा. पण ते सांभाळणारा मुलगा कॅनडाला गेला. नवी माणसं मिळाली नाहीत तर नाताळपर्यंत ते बंद पडेल. महिनाअखेरीला दादरला अशा खुल्या प्रकल्पांचं संमेलन आहे, तिथे आम्हाला टेबल मिळालंय. तुम्ही स्टिकर छापून दिलेत, तर टेबलावर तुमच्या प्रेसचं नाव लावू."

तो हनुवटीला हात लावून ऐकत होता. वाऱ्याचा अंदाज किती तासांचा, टेबलावर माणसं किती लागतात, सगळं नीट विचारलं. मी खुलले. असा समजूतदार मालक मला आठवडाभरात भेटला नव्हता.

"छान बोलता तुम्ही," तो म्हणाला. "फक्त… स्टॅनली अंकल जेवायला गेलेत. मला म्हणाले, बस जरा. मी गिऱ्हाईक आहे."

"मग आधी सांगायचं ना."

"तुम्ही श्वास कुठे घेतलात?" मग जरा थांबून, आवाज उतरवून म्हणाला, "आणि थांबवावंसंही नाही वाटलं."

माझे कान तापले. तो ॲलिस्टर परेरा, राहणार खोताची वाडी, नोकरी बँकेच्या कॉम्प्युटर विभागात. काय छापायला आलात विचारलं तर "असंच, पत्रकं," म्हणत त्याने हातातला कागद घडी करून खिशात घातला. तेवढ्यात स्टॅनली अंकल सुपारी चघळत आले. त्यांनी दोन मिनिटांत स्टिकर फुकट कबूल केले आणि वर म्हणाले, "डिझाइन हा करेल. बसलेलाच असतो."

त्यानंतरचे दहा दिवस मी जमिनीपासून चार बोटं वरच होते. ऑफिस सुटलं की चर्नी रोडला उतरायचं आणि त्याच्याबरोबर दुकानं फिरायची. मी बोलायचे, तो पिशवी धरायचा. जाळ्यांचे व्यापारी धोंडूशेठ पैशाला नाही म्हणाले, पण टेबलावर अंथरायला निळं कोरं जाळं दिलं. ते खांद्यावर टाकून ॲलिस्टर गिरगावातून माझ्याशेजारी चालत होता. संध्याकाळचं ऊन गल्लीत तिरकं उतरलं होतं आणि जाळ्याची सावली त्याच्या गालावर पडली होती. मी दोनदा ठेचकाळले.

"खाली बघून चाल ना," तो म्हणाला. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"तू समोर बघ. मी कुठे बघायचं ते मी ठरवेन."

तो हसला आणि समोर बघू लागला. कान मात्र लाल.

संमेलनाचा एक नियम होता. टेबलापाशी प्रत्येक वेळी दोन माणसं हवीत, आणि सगळी नावं गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत इंटरनेटवरच्या, सगळ्यांना खुल्या तक्त्यात भरलेली हवीत. एक जरी घर रिकामं राहिलं तरी टेबल यादीतल्या पुढच्या प्रकल्पाला जाणार. मी बेफिकीर होते. आमच्या नगरातले सहा जण तयार होते, सगळे होडीवर ॲप वापरणारे. त्यांच्याहून चांगलं कोण सांगणार?

मंगळवारी जेवताना कौतुकाने तो तक्ता बाबांना दाखवला. त्यांनी मोबाईल लांब धरून वाचला. घास तसाच हातात.

"पोरी, शनवारी आवस हाय," ते म्हणाले. "उधानाला होरी सोरून कोन येल तुज्या टेबलाव?"

मी थिजले. अमावास्येचं उधाण म्हणजे समुद्राला ओढ, जाळ्यात मासळी, सगळ्या होड्या पाण्यात आणि सगळ्या बायका धक्क्यावर. कोळ्याची मुलगी मी, ॲपचं नाव ‘उधाण’, आणि माणसं नेमली ती ऑफिसच्या कॅलेंडरमधला शनिवार-रविवार बघून. माझंच ॲप मी उघडून पाहिलं नव्हतं. बाबा हसले नाहीत, याचं जास्त वाईट वाटलं.

सकाळी संमेलनाच्या दीपिकाला फोन केला. जरा मुदत वाढवा म्हटलं.

"मुश्कील आहे गं," ती म्हणाली. "पुढचा प्रकल्प तयारच आहे. ‘बोली’ नाव आहे. कोणी ॲलिस्टर परेरा म्हणून आहे, महिनाभर वाट बघतोय बिचारा."

त्या संध्याकाळी मी खोताच्या वाडीत पोचले ती तडक भांडायलाच. तो व्हरांड्यात होता, कानांना हेडफोन. शेजारी त्याची रोझ आंटी, ऐंशीच्या पुढची, जुन्या लग्नातलं गाणं त्याच्या मोबाईलमध्ये म्हणत होती. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती घरांतली जुनी बोली जाणणारी माणसं संपत चालली होती. त्यांचे आवाज तो साठवत होता, आणि ते ऐकून लिहून काढायला त्याला माणसं हवी होती. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या कळलं, त्यामुळे धड रागावताही येईना.

"पहिल्या दिवशीच माहीत होतं ना तुला? माझं टेबल गेलं की तुला मिळणार हे?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू पुन्हा आली नसतीस." त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "नंतर तुझी माणसं भरत आली. म्हटलं, आता कशाला…"

"म्हणजे माझी माणसं कधी गळतात ते बघत होतास."

त्याचा चेहरा पडला. मी पाठ फिरवली. रोझ आंटीने मागून हाक मारली, चा पिऊन जा गो, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला ते कोणाला दाखवायचं नव्हतं.

गुरुवारी पाच वाजता ऑफिसात तक्ता उघडून बसले. बाबांनी कोणालातरी होडीवरून उतरवतो म्हटलं होतं, मीच नको म्हटलं. सहाही नावं पुसलेली, सहा घरं रिकामी. टेबल जाणार, ॲप जाणार, आणि तो तर कालच गेला होता. खरं सांगायचं तर तिन्हींत तेच सगळ्यात जास्त दुखत होतं.

आणि मग तक्त्यात कोणीतरी आलं. एक छोटासा हिरवा बाण, त्याखाली नाव… ॲलिस्टर.

बाण शनिवारच्या पहिल्या रिकाम्या घरात गेला. अक्षरं उमटली. रोझ परेरा. पुढच्या घरात स्टॅनली. मग सेलिना, त्याची बहीण. मग आर्थर, त्याचे वडील. मग पुन्हा स्टॅनली. मी नुसती बघत राहिले. आजूबाजूचे फोन, पंख्याची घरघर, सगळं लांब गेलं. एक एक घर भरत होतं आणि मला वाटत होतं, तो माझ्या अगदी शेजारी बसून लिहितोय.

मी तक्त्याखालच्या कोऱ्या ओळीत टाइप केलं, "असं केलंस तर तुझं टेबल जाईल."

"माहीत आहे."

"आंटीचे आवाज?"

"पुढच्या वर्षी. आंटी म्हणते, तोवर मी कुठेही जात नाही."

एकच घर उरलं, रविवार सकाळ नऊ, माझ्याच नावाशेजारचं. बाण तिथे जाऊन थांबला. रविवारची नऊची मिसा, चर्चमधली प्रार्थना, तो कधी चुकवत नाही हे मला ठाऊक होतं. बाण जागच्या जागी थरथरला. मीही श्वास रोखला.

"शनिवारी संध्याकाळची मिसा चालते," त्याने लिहिलं, आणि मग त्या घरात स्वतःचं नाव.

सहाला चार मिनिटं कमी होती.

शनिवारी रोझ आंटी टेबलामागे राणीसारखी बसली. लोक आले, हसले, स्टिकर घेऊन गेले. ॲपला हातभार लावणाऱ्यांसाठी ठेवलेल्या वहीत नाव मात्र एकानेही लिहिलं नाही. दिवसभर आम्ही एकमेकांशी फक्त "पाणी दे," "दोरी धर," एवढंच बोललो. नजर मात्र सारखी अडखळत होती.

रविवारी नऊला दार उघडायच्या आधी आम्ही दोघंच होतो. तो जाळ्याची सुरकुती काढत होता. नसलेली.

"ॲलिस्टर, मी त्या दिवशी वाईट बोलले."

"चूक माझी होती. सांगायला हवं होतं."

"हो, होती." मी स्टिकरांची चवड सरळ केली. "पण मला टेबलाचा राग नव्हता आला. वाटलं, एवढे दिवस तू टेबलासाठी माझ्याबरोबर फिरलास. आणि मी मात्र… तुझ्यासाठी फिरत होते. स्टिकर कधीच छापून झाले होते."

तो सुरकुती काढायचा थांबला.

"मला तू आवडतेस, प्राची," तो म्हणाला, साधं, जणू वेळ सांगावी तसं. "त्या भाषणापासून. मला त्यातलं निम्मं पाठ आहे."

"पुढच्या शनिवारी घरी येशील? तेव्हा पाण्याला ओढ नसते, बाबा घरी असतात. ते तुला शंभर प्रश्न विचारतील."

"अजून सहा दिवस?" तो म्हणाला.

निळ्या जाळ्याखालून माझा हात त्याच्या हातापर्यंत गेला, आणि त्याने तो घट्ट धरला. त्याची बोटं गार होती. घाबरला होता तोही.

दार उघडलं. पहिलीच एक चष्मेवाली मुलगी सरळ आमच्या टेबलाशी आली, पाटी वाचली आणि म्हणाली, "मी हवामानाचेच प्रोग्रॅम लिहिते. तुमच्यात यायचं असेल तर काय करावं लागतं?"

"इथे नाव लिहायचं," मी म्हटलं, आणि डाव्या हाताने वही पुढे सरकवली. तिरकी गेली, पेन खाली पडलं. तरी उजवा हात मी काढला नाही.