जानरावाच्या घरचा फ्यूज

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. मग हसू येणार नाही. अमरावतीला अंबागेटच्या आत जानराव राहायचा, फुलांचा व्यापारी. माझ्या रोजच्या बैठकीतला माणूस. त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेली ही गोष्ट.

सन त्रेचाळीस. पौषातली अमावस्या. जानरावाची दुसरी बायको शालू बाळंतपणात अडली होती, म्हणून दिवेलागणीला तो पार्वताबाई सुईणीला घेऊन आला. लढाईमुळे रॉकेल मिळायची मारामार, पण त्याच्या घरात वीज होती. मध्यरात्रीच्या सुमाराला पार्वताबाईनं शालूचा लोखंडी पलंग टेबलावरच्या दिव्याजवळ ओढून घेतला, अन् दिवा गेला.

“मूल पायाळू हाये!” ती ओरडली. “उजेड आना, नाही तं दोघंही हातचे जातीन!”

जानरावानं ओसरीवर काडी ओढून फ्यूज बाहेर काढला. आतली बारीक तार जळाली होती. तसली दुसरी घरात नव्हती. तांब्याच्या जाड तारेचे दोन तुकडे तेवढे होते. ते हातात घेतले अन् त्याला ती जुनी सकाळ आठवली.

तीन वर्षांपूर्वी फ्यूज सारखा उडतो म्हणून वैतागून त्यानं अशीच जाड तार बसवली होती. फ्यूज उडणं बंद झालं. मग एका सकाळी न्हाणीच्या पत्र्यात वीज उतरली. ओलं लुगडं वाळत घालताना पहिली बायको सुभद्रा पत्र्याला चिकटली ती चिकटलीच. पोटी लेकरू नव्हतं. भगवंत वायरमन तेव्हा म्हणाला होता, “बारीक तार जयून तुटते, म्हनून मानूस वाचते, जानराव. तुमी तिले जयूच देल्लं नाही.”

“उजेड!” आतून पुन्हा हाक आली.

काडी विझली. त्यानं अंधारातच पहिला तुकडा स्क्रूत आवळला. फ्यूज खाचेत बसवायला वर नेला... सहज बोट फिरवलं. तार नव्हती. स्क्रू सैल.

पडली असेल. खाली चाचपलं. काही नाही.

दुसरा तुकडा. जोर लावून आवळला. हात वर नेला...

मनगटावर हात पडला.

गार. ओला. बांगड्या भरलेला.

ओसरीवर तर कुणीच नव्हतं. ओल्या लुगड्याचा वास तेवढा... आत शालूचं कण्हणंही थांबलं होतं.

“सुभद्रे...” त्याच्या तोंडून कसंबसं निघालं. “मायं चुकलं. तिले नोको नेऊ...”



मग हात सुटला. जानरावानं फ्यूज चाचपला. तो रिकामा होता.

आत अंधारात लेकरू रडलं.

सकाळी भगवंत आला. पलंगाच्या पायाखाली दिव्याची तार चिरडून उघडी पडली होती. “जाड तार बसली असती, तं पलंगाले हात लावनारं कोनी जित्तं रायलं नसतं,” तो म्हणाला. शालू सुखरूप होती. जानराव ओसरीवर बसून लहान पोरासारखा रडला.

तेवढ्यात पोरीला न्हाऊ घालायला पार्वताबाईनं दुपटं सोडलं.

“काहून जी जानराव, रातीच वाळे घालाची एवढी घाई झाली? अन् तेही तांब्याचे?”

पोरीच्या दोन्ही पायांत जाड तारेचे वाळे होते. लेकराला टोचू नयेत म्हणून टोकं नीट बाहेर वळवलेली.