तबकडीतली धार

बाळाबाईचं म्हणणं साधं होतं. माणसानं एक वस्तू एकदाच घ्यावी, पारखून घ्यावी आणि मोडेपर्यंत वापरावी. तिचा लेक उदयसिंह मात्र एकच तबकडी तिसऱ्यांदा मागवत होता.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात, जिथं शहाण्या माणसानं धान्याची कोठी ठेवली असती, तिथं त्यानं भिंतभर कपाट करून घेतलं होतं. त्यात चारशे तबकड्या उभ्या. सगळ्या जॅझच्या. साठ-सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या माणसांनी वाजवलेलं, आणि ती माणसंही आता मातीत गेलेली. कंपन्या जुन्या टेपा हुडकून काढतात, धुऊन-पुसून नव्या तबकड्या छापतात, आणि उदयसिंहसारखे शिकलेले लोक त्या परत घेतात.

"म्हंजे शिळ्या भाकरीचा कुस्करा," बाळाबाई म्हणाली होती.

"आई, ही जाड तबकडी हाय. एकशेऐंशी ग्रॅमची. आवाज भरदार येतोय."

"आन् दुधावानी फॅट किती लागतंय?"

तो हसला होता. समोरच्याच क्लासात बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवायचा, पण आईपुढं त्याचं कधी चाललं नाही. सून संयोगिता बँकेत, बदली सांगलीला, ती शनिवारी यायची. रविवारी त्याचे दोघे मित्र जमायचे आणि डोळे मिटून पिपाणी ऐकत बसायचे, तेराव्याला बसल्यासारखे. बाळाबाई त्यांना चहा द्यायची, पण कप जरा आपटून ठेवायची.

बाळाबाई दुसरीपर्यंत शिकलेली. कान मात्र पक्का. पस्तीस वर्षं गडमुडशिंगीतला गोठा सांभाळलेला. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी नेऊन गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ग्लासात धार काढून दिलेली. म्हैस पान्हा चोरते का सोडते, ते पाठमोरी उभी राहून नुसत्या आवाजावर सांगायची.

ती तबकडी पहिल्यांदा आली तेव्हा ती खाली बसून शेंगा फोडत होती. दुपारची वेळ, खाली दातांच्या दवाखान्यात मशीन घुरघुरत होतं. पिपाणी थांबली, पेटीसारखं वाजत होतं तेही थांबलं, आणि मागं एकच आवाज उरला. सर्र, सर्र.

"कोण धार काढतंय?" तिनं विचारलं.

"धार न्हवं आई. ड्रमवर ब्रश फिरवायलाय."

बाळाबाईनं कान दिला. शेंगा फोडायच्या राहिल्या. ब्रश रिकाम्या बादलीत वाजत नाही. ही धार आधी पत्र्यावर टणटणली, मग फेस धरला तशी मऊ झाली. आणि तिची चाल. दोन धारा, थोडा थांबा, मग एक. परत दोन, थांबा, एक.

तशी धार काढणारा तिच्या माहितीत एकच माणूस होता. तिचे मालक, उदयसिंहचे आबा, हंबीरराव. डाव्या हाताचा अंगठा गुऱ्हाळाच्या चरकात गेलेला, त्यामुळं तो हात अडायचा. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

आवाज बारीक होत विरला. उदयसिंहनं सुई उचलली.

"बंद कर ते," ती म्हणाली, "कान किटले."

दुसरी तबकडी जपानहून आली. तीच माणसं, तेवढंच वाजवणं, वर कागदाची एक पट्टी जास्त. बाळाबाईनं लेकाची भरपूर चेष्टा केली आणि शेवटची बाजू लागली तशी दारात येऊन उभी राहिली. ह्या वेळी आवाज जरा उशिरा विरला. बादली अर्ध्याच्या वर गेली होती. म्हशीनं एकदा नाक फुरफुरवलं. मग दोन धारा, थांबा, आणि एक आलीच नाही. काहीतरी जड, मऊ जमिनीवर पडलं.

"कुणाचं तरी स्टूल पडलं," उदयसिंह म्हणाला.

"स्टूल न्हवं ते."

"मग?"

"मला काय म्हाईत? तुझी माणसं, तुझी पिपाणी."

ती आत गेली आणि मोरीत पाय धूत बसली. पाय स्वच्छच होते.

तिला माहीत होतं. चांदी नावाची पहिलारू म्हैस, नुकती व्यालेली, फक्त हंबीररावांना पान्हा सोडायची. त्या संध्याकाळी ते धारेवर बसले आणि बसल्या जागी कलंडले. बाळाबाई तिथंच होती. त्यांना आधीही दोनदा भोवळ आली होती आणि दोन्ही वेळा आपोआप उतरली होती. आणि भरली कास अर्ध्यावर सोडली की सड बसतो, दूध आटतं, मग त्या जनावरात काही उरत नाही. तिनं बादली ओढली आणि स्वतः धारेला बसली. ते पाणी मागत होते. "थांबा की, एवढी धार हुंदे," असं ती म्हणाली. बादली भरली, चांदीचा सड वाचला. ती वळली तेव्हा त्यांचं मागणं संपलं होतं.

लोकांना तिनं सांगितलं, मी वैरण आणाय गेलतो, आलो तर संपलेलं. बाई असून गेलतो-आलो म्हणायची ती कोल्हापूरची रीत, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. उदयसिंह तेव्हा पुण्याला शिकत होता. दर श्राद्धाला पान वाढताना तो विचारायचा, "आबा शेवटी काय बोलले?" आणि ती म्हणायची, "मी हुतो कुठं तिथं?" तेवढ्या खोट्यावरच तो तिच्याजवळ राहिला होता. एकुलता एक.

"ह्या खेपंला टेप अखेरपतोर ठेवल्या," तिसरी मागवली तेव्हा त्यानं मोबाईलवर वाचून दाखवलं. "वादक उठून गेल्यावर दीड मिनिट मशीन चालूच हुतं म्हणं."

"आन् ते दीड मिनिट ऐकाय तू परत तबकडी आणनार?"

"व्हय की."

कुरिअर मंगळवारी अकराला आलं. उदयसिंह क्लासला होता. बाळाबाईनं विळीनं पुठ्ठा कापला. तबकडी वाजवायच्या मशीनला तिनं उभ्या जन्मात हात लावला नव्हता, पण हजारदा बघितलं होतं. तबकडी ठेवली, बटण दाबलं, सुई अगदी आतल्या कडेला सोडली.

पिपाणी संपली. सर्र, सर्र. दोन, थांबा, एक.

पडल्याचा आवाज.

मग घसा खाकरल्याचा.

"पाणी."

बादली सरकली. धार परत सुरू झाली. आता मध्ये थांबा नव्हता. एकसारखी, सफाईची धार, आणि प्रत्येक ओढीला बांगड्या वाजत होत्या. चार काचेच्या, एक पितळेची.

बाळाबाईनं स्वतःच्या हाताकडं बघितलं. अकरा वर्षं तो मोकळा होता.

"पाणी."

तिनं सुई उचलली. तबकडी स्वयंपाकघरात नेली, फरशीवर ठेवली आणि वरवंट्यानं फोडली. एकशेऐंशी ग्रॅम. खरंच जाड होती. पुठ्ठ्यासकट तुकडे बादलीत भरले, खाली नेले आणि घंटागाडीत स्वतःच्या हातानं टाकले. गाडी वळणावरून जाईपर्यंत ती उभी राहिली.

उदयसिंह सहाला आला.

"कुरिअर आलं काय?"

"न्हाय."

"बरं," तो म्हणाला. चिडला नाही. बूट काढले, मशीनपुढं बसला, हेडफोन कानाला लावले आणि बटण दाबलं.

तबकडी नव्हतीच. रिकामी थाळी फिरत होती.

"आता हवा ऐकतोस व्हय?" बाळाबाई म्हणाली. "बरं हाय. स्वस्तात पडंल."

त्याचे डोळे मिटले होते. दीड मिनिट झालं असेल. त्यानं हेडफोन एका कानावरून सरकवला.

"आई, आबांनी पाणी किती येळा मागितलं?"

खाली रिक्षा थांबली, गेली.

"तीनदा," ती म्हणाली. तोंडून निघून गेलं.

त्यानं मान हलवली. शिव्या दिल्या असत्या तर तिला कळलं असतं काय करायचं ते. तो उठला, आत गेला, तांब्या पाण्यानं काठोकाठ भरून आणला आणि मशीनशेजारी ठेवला. मग हेडफोन नीट करून परत बसला.

"खुळं झालंस," ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. शेगडीकडं तोंड करून, दूध उतू जाईपर्यंत उभी राहिली. गॅस बंद केला. कप आपटला नाही.

बाहेर आली तेव्हा उदयसिंह तसाच बसलेला. डोळे मिटलेले, हात मांडीवर, ओठ कोरडे.

तांब्या रिकामा होता. आतून काठाला ताज्या धारेचा पांढरा फेस लागला होता. तिनं बोट लावून बघितलं.

कोमट होता.