आमच्यापैकी नव्हेत

बोटीच्या माहितीपत्रकात प्रत्येक सहलीपुढं माणसाचं एक चित्र होतं. पळणारी तीन माणसं असली तर सहल तरुणांची, दोन असली तर गुडघे शाबूत असणाऱ्यांची, आणि एकच माणूस सावकाश चालताना दाखवला असला तर आमची. आमची म्हणजे माझी आणि अण्णांची. बेळगावातल्या वडगावच्या घरात मागच्या खोलीतले माग धडधडत असताना, साईनाथनं अमेरिकेतून पाठवलेला टॅब लोणच्याच्या बरणीला टेकवून आम्ही दोघं म्हातारे कितीतरी दिवस तो एक चालणारा माणूस शोधत होतो.

साईनाथ अण्णांचा मुलगा. मागावर बसून बापानं आपल्याला इंजिनिअर केलं, तर बापाला निदान समुद्र दाखवावा, अशी त्याची इच्छा. फ्लोरिडातून निघायचं, मेक्सिकोच्या अलीकडून खाली मध्य अमेरिकेला वळसा घालायचा, रोज एका बंदरावर उतरून फिरायचं आणि संध्याकाळी बोटीवर जेवायला परत. सोनावैनी पाण्याला भितात, म्हणून जोडीला मी. मी अण्णांचा धाकटा भाऊ, विधुर, निवृत्त. एका मराठी दैनिकात दर रविवारी लोकांची टर उडवणं एवढाच माझा आयुष्यभराचा उद्योग. तोही लोक मला पगार देऊन करून घेत.

अण्णांनी सहली निवडल्या त्या वडगावच्या न्यायानं. काचेच्या तळाची होडी त्यांना पटली नाही, पायाखाली मासं दिसत असतील तर पाय ठेवायचा कुठं, असं त्यांचं म्हणणं. दोरीला टांगून झाडीतून सोडतात तो प्रकार त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि यासाठी आपण पैसे द्यायचे की ते, हे विचारून घेतलं. कोस्टारिकातल्या लिमोन बंदरावर मात्र आम्ही अडलो नाही. होडीतून कालवा, केळीची बाग, सावलीत बसून फळं, आणि झाडाला दिवसभर उलटा लटकून झोपणारा एक आळशी प्राणी. चित्रात एकच माणूस, तोही जवळजवळ थांबलेला.

"एवढ्या लांब जाऊन त्यो बघायचा?" अण्णा म्हणाले. "आमच्या सोसायटीचा चेअरमन बघितला तर चालत न्हाय व्हय?"

तरी निवडली तीच.

बोटीवर अण्णा धोतर, पांढरी टोपी आणि साईनाथनं घेऊन दिलेले पोपटी रंगाचे बूट अशा वेशात हिंडत. खांद्यावर टॉवेल, हातात भडंगाची पिशवी. अण्णांचं भाषेचं शास्त्र साधं होतं. ज्याला मराठी कळत नाही त्याला कन्नड कळतं. बेळगावात ते कधी खोटं ठरलं नव्हतं, त्यामुळं इथंही जर्मन म्हाताऱ्यांना ते "बर्री, कुंदर्री" म्हणून शेजारी बसवत आणि जेवणं झाली का, ते विचारत. जर्मन म्हातारे बसत. भडंगही खात. पहिले दोन दिवस मी मनातल्या मनात लेख लिहीत होतो.

मग देवस्थळीबाई भेटल्या.

देवस्थळी पतिपत्नी पुण्याचे. बाईंनी माझं नाव ऐकताच चष्मा वर केला आणि विचारलं, ते तुम्हीच का? माझ्या लेखांचं पुस्तक त्यांच्याकडं होतं. सातासमुद्रापलीकडं वाचक भेटला की भल्याभल्यांची मराठी बदलते. माझी त्याच जेवणात बदलली. "न्हाय" गेलं, "नाही" आलं. पाठही सरळ झाली. दुसऱ्या दिवसापासून मी अण्णांना लवकर नाष्टा करून घ्यायला सांगू लागलो, गर्दी असते म्हणून. अण्णा व्हय म्हणाले. आमच्या टेबलाजवळून जाताना ते माझ्याकडं बघायचे आणि थांबायचे नाहीत. त्यांना कळलं होतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

लिमोनला उतरलो तेव्हा आभाळ खाली आलं होतं. किनाऱ्यावर ओल्या लाकडाचा आणि पिकून फुटलेल्या फळांचा वास. बसमधून कालव्यावर नेलं. होडीला दोन्हीकडं बाकं होती. पाणी चहाच्या रंगाचं, हलतंय की नाही ते कळू न देणारं. अण्णा उठून पुढं गेले, होडीवाल्याच्या ओंजळीत भडंग ओतलं आणि मोठ्या आवाजात कन्नडमध्ये त्याची मुलंबाळं विचारली. होडी हसली. हसणं वाईट नव्हतं. पण त्यात मला माझ्या रविवारच्या लेखांचा वाचक ऐकू आला.

देवस्थळीबाई माझ्याकडं झुकल्या. "ते गृहस्थ तुमच्यापैकी का हो?"

"छे," मी म्हणालो. "बोटीवरच भेटले. कर्नाटकातले असावेत."

वाक्य बरं जमलं होतं. बाई हसल्या. सीमाभागात जन्म गेला माझा, त्या सीमेवर निम्मं आयुष्य विनोद केले, आणि ती रेघ मी माझ्या भावाच्या अलीकडून ओढली.

अण्णा पाठमोरे होते. त्यांनी भडंगाच्या पिशवीला गाठ मारली आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

केळीच्या बागेपाशी उतरलो. वाटाड्या मुलीनं बोट दाखवत माणसं मोजली. तिचं बोट अण्णांवरून तसंच पुढं गेलं. मोजणी बरोबर आली, कारण ती समाधानानं मान हलवून चालू लागली. फळांचं ताट फिरलं. कलिंगड, पपई, अननस. ताट अण्णांपाशी आलं आणि न थांबता माझ्यापाशी आलं. अण्णांचा हात अर्धा वर आला होता. त्यांनी त्याच हातानं टोपी सारखी केली.

मला वाईट वाटलं, हे खरं. सुटल्यासारखंही वाटलं, हेही खरं.

तिथं एका बदामाच्या मोठ्या झाडाखाली सिमेंटचा बाक होता. दुपारची गार सावली. बाकाच्या एका टोकाला पांढऱ्या सुती कपड्यातली एक म्हातारी बसली होती. काळीसावळी, आपल्याकडची वाटेल अशी. त्या किनाऱ्यांवर पूर्वी हिंदुस्थानी मजूर नेले होते म्हणतात, तशा कुणाची नात असेल. अण्णा दुसऱ्या टोकाला टेकले आणि त्यांनी मधे पिशवी उघडून ठेवली. मी जवळ गेलो तेव्हा दोघांची तोंडं हलत होती.

"ह्यास्नी समदं कळतंय बघ," अण्णा म्हणाले.

मी हळू आवाजात, इकडंतिकडं बघत, त्यांना चला म्हणालो. प्राणी बघायचा राहील.

"मी हितंच बसतो. तू जा त्यांच्यासंगं. ये जाऊन."

रागावले असते तर मी थांबलो असतो. ते मला सोय करून देत होते. मी येतो म्हणून गेलो. वळणावरून मागं पाहिलं तर सावलीत दोन पांढरे आकार होते, बसण्याची ढब सारखीच, दोघांचे हात मधल्या पिशवीत. कुठला कोण, ते तेवढ्या अंतरावरून मला सांगता आलं नाही.

आळशी प्राणी झोपलेलाच होता.

परत आलो तेव्हा बाक रिकामा होता. वाटाड्या मुलीनं पुन्हा माणसं मोजली आणि सगळे आलेत म्हणाली. त्या क्षणी ओरडायला हवं होतं. पण ओरडायचं म्हणजे काय ओरडायचं? माझा भाऊ राहिला? देवस्थळीबाई शेजारी उभ्या होत्या, पपईचे हात पुसत. अण्णा पहिल्या बसनं गेले असतील, असं मी ठरवलं. ठरवायला फार वेळ लागला नाही.

धक्क्यावर अण्णा नव्हते. खोलीत नव्हते. पोपटी बूट कुठंच दिसेनात. बोटीवर चढायच्या दारापाशी गळ्यातलं कार्ड यंत्राला दाखवावं लागतं. तिथं मी उलटा उतरून आलो आणि पहाऱ्यावरच्या बाईला गाठलं. तोवर रांग लागली होती. देवस्थळी रांगेतच होते.

"माझे अण्णा आले नाहीत," मी इंग्रजीत म्हणालो.

तिनं नाव विचारलं.

आता हे आमच्याकडच्या माणसालाच समजेल. थोरल्या भावाचं नाव माझ्या जिभेवर कधी चढलेलंच नाही. शाळेत मास्तरांनी पालकाचं नाव विचारलं तरी मी अण्णाच सांगायचो. घाबरलेल्या माणसाच्या तोंडातून सवयीचंच बाहेर पडतं. आणि सवय नसती तरी मागं कान टवकारून देवस्थळीबाई होत्या.

"अण्णा," मी म्हणालो.

तिनं लिहून घेतलं. अ‍ॅना.

बायको का, तिनं विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. वयानं मोठं आहे, घरातलं थोरलं आहे, असं काहीतरी मी बोललो. भाऊ हा शब्द ओठापर्यंत आला होता. मी तो गिळला. त्या भल्या बाईनं माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, काळजी करू नका, अ‍ॅनाला आम्ही आणतो.

भोंगा वाजला.

लोक घड्याळं बघू लागले. माझ्यामुळं अख्खी बोट थांबली होती, आणि आता सगळ्यांना ते ठाऊक होतं.

धक्क्यावरून एक छोटी गाडी आली. दोघांनी आधार देऊन एका माणसाला उतरवलं. पांढरे सुती कपडे. पांढरा अंबाडा. कानांची लोंबणारी भोकं. गळ्यात अण्णांचं कार्ड.

बाकावरची म्हातारी.

यंत्रानं कार्ड वाचलं. हिरवा दिवा लागला.

"तुमच्याबरोबरच्या ना?" पहाऱ्यावरच्या बाईनं विचारलं.

म्हातारी माझ्याकडं शांतपणे बघत होती. मागं रांग होती. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, हरवलेलं माणूस सापडलं म्हणून. मग सगळ्यांनीच वाजवल्या. देवस्थळीबाईंनीही.

"हो," मी म्हणालो.

बोट सुटली.

पुढच्या बंदरांवर आमच्या सहली आधीच ठरलेल्या होत्या. आम्ही त्या सगळ्या केल्या. ती खुर्चीत बसे, मी शेजारी बसे. खोलीत ती अण्णांच्या पलंगावर निजे. टॉवेलची घडी अण्णा घालत तशी, कड आत घेऊन घाली. बोलत नसे. मी मनात रोज वाक्य तयार करी, की हे माझं माणूस नाही, माझं माणूस लिमोनला राहिलं. पण पुढचा प्रश्न कोणता येणार ते मला ठाऊक होतं. तेव्हाच का बोलला नाही? त्याचं उत्तर द्यायचं तर होडीतलं वाक्य सांगावं लागलं असतं. मी जन्मभर वाक्यं सांगून हसवलंय. ते एक वाक्य मात्र कुणाला सांगवेना.

फ्लोरिडाच्या बंदरावर साईनाथ न्यायला आला होता. मला वाटलं, आता सुटलो. पोटचा पोर, बघताक्षणी बोंब मारेल. तो वाकला, तिच्या पाया पडला आणि म्हणाला, "लई दमलासा न्हवं?" ती हसली. पुढं विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं अण्णांचा पासपोर्ट पाहिला, तिला पाहिलं आणि शिक्का मारला. सुबराव हे नाव बाप्याचं की बाईचं, ते त्याला कुठून कळणार?

वडगावला दारात सोनावैनी भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. मागच्या खोलीत माग चालू होते. वैनींनी तुकडा दोघांवरून ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, वर बघितलं.

"आलासा," त्या म्हणाल्या. आणि माझ्याकडं वळून, "लई वाळल्यात की हो, भावजी. खात-पीत न्हवत्यात व्हय?"

आमच्या बोलीत थोरामोठ्यांना आलासा, दमलासा म्हणतात. मागं बोलताना आल्यात, गेल्यात. बाप्या असो की बाई. लहानपणापासून हीच बोली बोलतोय, भाषेवर पोट भरलंय, पण या क्रियापदाआड एक अख्खं माणूस लपू शकतं हे मला कधी सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून मी वैनींच्या तोंडाकडं कान लावून असतो. एकदा तरी "आला" म्हणतील, नाहीतर "आली". त्या म्हणत नाहीत. ह्यास्नी चहा द्या. जेवल्यात. निजल्यात.

एकदा ती न्हाणीत असताना मी सरळ विचारलं. "वैनी, घरात आलंय ते कोण?"

वैनींनी पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांनी मी त्यांना लाजलेलं पाहिलं.

"आता म्हातारपणी नाव घ्याय लावतासा व्हय मला?"

नवऱ्याचं नाव त्यांनीही कधी घेतलं नाही. या घरात ते नाव माहीत असलेले आम्ही दोघं, आणि दोघांनाही ते उच्चारता येत नाही.

वैनी सुखात आहेत, हे सांगायला हवं. ह्ये आता पहिल्यासारखं तापट न्हाईत, लई मऊ झाल्यात, असं त्या शेजाऱ्यांना सांगतात. शेजारी मान डोलावतात. साईनाथ फोनवर खुशाली विचारतो. पुण्याहून देवस्थळीबाईंचं पत्र आलं. तुमच्या भगिनींना नमस्कार सांगा, असं शेवटी होतं.

काल दिवेलागणीला ती बाहेरच्या कट्ट्यावर बसली होती. मी शेजारी होतो. गल्लीत मागांचा आवाज थांबत आला होता. ती इतक्या दिवसांत माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. समोर बघत ती अण्णांच्या शब्दांत बोलली.

"तिकडं आता उजाडलं आसंल," ती म्हणाली. "सकाळचं ऊन समोरनं येतंय, बाकावर. पण जागा सोडायचा न्हाय त्यो. तू येतो म्हणून गेलतास."

आतून वैनींनी विचारलं, "कुणाबद्दल बोलाय लागलासा, भावजी?"

"कुणाबद्दल न्हाय, वैनी," मी म्हणालो.